वीतभर पाणी

सतरावा दरवाजा, वोझेल फाटा
२ सप्टेंबर १९७४

आर्मांद वहिनी,

हे पत्र सँ-मामेसच्या दरवाजेवाल्याच्या पत्त्यावर टाकते आहे. बोटीवरच्या माणसाला दुसरा पत्ता नसतो, हे मी अजून विसरलेले नाही. अक्षर ओळखून लगेच फाडू नकोस, आधी वाच.

अकरा वर्षांत आपण एकदाच भेटलो, ऑनोरेदादाच्या मातीला. तिथेही शवपेटीच्या दोन बाजूंना उभ्या राहून हवापाण्याचंसुद्धा बोललो नाही. आता मी आपणहून लिहिते आहे, ते गरज पडली म्हणूनच. उगाच साखर पेरत बसत नाही.

काल कालवा कचेरीचे पेरोदँ साहेब आले होते. तरुण माणूस आहे, पँटला सायकलची क्लिप लावून फिरतो आणि खुर्चीवर बसायच्या आधी परवानगी विचारतो. त्यांनी हातात कागद ठेवला. सलग तीन वर्षं एकही भरलेली बोट कालव्याच्या आपल्या फाट्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली नाही, तर फाटा बंद. पाणी सोडून देणार, दरवाजे काढणार. शेवटची भरलेली बोट गेली ती एकाहत्तर सालच्या ऑक्टोबरअखेर. येत्या ३१ ऑक्टोबरला तीन वर्षं भरतात. "बाई, माझ्यावर राग धरू नका, नियम मी केलेला नाही," असं म्हणाले आणि माझी कॉफी पिऊन गेले.

फाटा गेला की दरवाजेवाली कशाला हवी? हे घर दरवाज्याचं आहे, माझं नाही. माझा आंसेल्म गेल्यापासून सहा वर्षं मी एकटी हे दरवाजे उघडून बोटी वरच्या पाण्यात चढवते आहे, आणि तो होता तेव्हाही निम्म्या वेळा मीच उघडत होते. मला शहरात तिसऱ्या मजल्यावर एक खोली देणार म्हणे. वहिनी, मी पाण्यावर जन्मले आणि तेवीस वर्षं पाण्याकाठी राहिले. तिसऱ्या मजल्यावर मी काय करू?

एक भरलेली बोट पाहिजे. फक्त एक. ट्रक निघाल्यापासून इकडे कुणी फिरकत नाही आणि मी ज्याला विचारीन असा बोटवाला आता उरलेला नाही. एक तुझी 'तेनास' आहे.

तुझी नणंद, असशील मानत तर,
लेओनी

•

बोट 'तेनास', सँ-मामेस
११ सप्टेंबर

श्रीमती लेओनी गार्शे यांस,

तुमचं पत्र पोचलं. फाडलं नाही. कागद चांगला होता.

गरज पडली की वैद्य आठवतो, तसं तुमचं झालं आहे. मी आता एकसष्ट वर्षांची आहे. बोटीवर मी, माझा कुत्रा आणि बाझील. तोच, ऑनोरेचा आतेभाऊ. सत्तरीचा आहे, अर्धा बहिरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यात त्याला हवं तेवढंच ऐकू येतं. डिसेंबरात 'तेनास' मोडीत जाणार आहे. सरकारला आमच्यासारख्या बोटी कमी करायच्या आहेत आणि मलाही आता दोर ओढून ओढून हात वर होत नाहीत. सही करून झाली आहे. 'तेनास' म्हणजे हट्टी. मामंजींनी बोटीला नाव ठेवलं आणि घरातल्या प्रत्येकानं ते मनावर घेतलं. पण हट्टालाही वय असतं.

आणि तुम्ही त्रेसष्ट सालचा मे महिना विसरला असाल, मी नाही. आम्ही भरलेली बोट घेऊन तुमच्या दरवाज्याशी आलो. दार बंद. जेवणाची वेळ होती, मान्य. पण तुमच्या स्वयंपाकघरातून मोहरी लावून शिजवलेल्या सशाचा वास येत होता आणि तुमचा सख्खा भाऊ सुकाणूशी बसून शिळा पाव चावत होता. एक तास दहा मिनिटं! मग आंसेल्म मिशा पुसत बाहेर आले आणि दार उघडलं. ऑनोरेनं त्याच दिवशी शपथ घेतली, पुन्हा या फाट्यावर पाऊल टाकणार नाही. मरेपर्यंत पाळली.

तेव्हा माझ्याकडून आशा धरू नये.

आर्मांद वात्रलो

ता. क. तुमच्या वरच्या टोकाच्या काचकारखान्याला वाळू लागते ना? मी सहज नमूरच्या वाळूवाल्यांना विचारलं. ते एक बोटभर द्यायला तयार आहेत. वर पाणी किती आहे? मोजून आकडा कळवा. अंदाज नको.

•

सतरावा दरवाजा
१६ सप्टेंबर

वहिनी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन पानांना रडले आणि ता. क. ला एवढी ओरडले की पोस्टमन परत फिरला, बाईला काय झालं म्हणून.

कारखान्याच्या व्यवस्थापकांना भेटले. वाळू घेतो म्हणाले. त्यांना ट्रकची वाळूही चालते, पण त्यांची आई बोटीवरची होती.

पाणी मोजलं. बाकी सगळे टप्पे चांगले आहेत. पंधराव्या आणि सोळाव्या दरवाज्यांमधला दीड किलोमीटरचा टप्पा तेवढा गाळानं भरला आहे. पाच ठिकाणी मोजलं. कमीत कमी एक मीटर साठ. त्याच्या आत कुठेही नाही, छातीवर हात ठेवून सांगते.

सशाबद्दल एवढंच की ससा चार जणांचा होता. ताटंही चार मांडली होती.

लेओनी

•

बोट 'तेनास', ब्रियार
२२ ऑक्टोबर

लेओनीबाई,

निघालो. नमूरला तीन आठवडे ताटकळवलं, पण भरली एकदाची. अंथरूण पाहून पाय पसरले आहेत. तुमचं पाणी एक मीटर साठ, माझी बोट एक मीटर पन्नास खोल बसली आहे. बुडाखाली दहा सेंटीमीटर मोकळे. मामंजी म्हणायचे, बोटीखालून मासा आडवा जाऊ शकला की पुरे.

बाझील पुढच्या टोकाला खुर्ची टाकून बसतो आणि दिसेल त्या दरवाजेवाल्याला ओरडून सांगतो, "वोझेलला चाललोय, वोझेलला! भरून!" मोंतार्जीला एकानं विचारलं, "आजोबा, तो फाटा चालू आहे का अजून?" बाझीलला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "आम्ही पोचेपर्यंत चालू आहे." तेव्हापासून ही बातमी आमच्या पुढे धावते आहे. दरवाजे आधीच उघडे मिळतात. काल एका दरवाजेवालीनं पानकोबी दिली आणि पैसे घेतले नाहीत. म्हणाली, तिला सांगा, आम्हीही वाट बघतोय. ती म्हणजे तुम्ही.

किती वर्षांनी असं वाटतं आहे की कुणीतरी आमची वाट बघत आहे. चिनारांची पानं पिवळी पडून पाण्यावर पडली आहेत आणि बोट त्यांच्यातून माणसाच्या पावलानं जाते. काठावरून एक म्हातारा काठी टेकत चालला होता, त्यानं आम्हाला मागे टाकलं आणि टोपी काढून माफी मागितली.

चार ताटं? मग हाक का नाही मारली?

आर्मांद

•

सतरावा दरवाजा
२५ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र फाट्याच्या पहिल्या दरवाज्यावर मिळेल.

हाक कशी मारू? ती बोटीवरची रीत. जमिनीवर पाहुणा येऊन दार वाजवतो, मग यजमान उघडतो. मी बारा वर्षांत तेवढं शिकले होते. आंसेल्म म्हणत होता, "भाऊ आहे तुझा, येईल, वाजवेल." आम्ही चारही ताटं मांडून कडीच्या आवाजाची वाट बघत बसलो. तासाभरानं ससा गार झाला. आंसेल्म मिशा पुसत आला नव्हता गं, त्या दिवशी तो जेवलाच नाही.

पेरोदँ साहेब ३१ तारखेला दुपारी येणार आहेत, फाटा बंद झाल्याचा शेरा मारायला. त्यांना विचारून ठेवलं आहे. दरवाजा संध्याकाळी साडेपाचला बंद होतो, पण जुना नियम अजून आहे. साडेपाचच्या आत बोटीचं नाक माझ्या पांढऱ्या खांबाच्या पार असेल, तर तिला घ्यावंच लागतं. नाक पार झालं की बोट पोचली.

जपून ये.

लेओनी

•

पंधराव्या दरवाज्याच्या वर, गाळात
२९ ऑक्टोबर, सकाळी दहा

लेओनी!

हे पत्र दरवाजेवाला फेर्नां त्याच्या मोपेडवरून आणतो आहे. तो नीट सांगेल, पण त्याच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक. आम्ही रुतलो आहोत. पंधरावा पार करून चारशे मीटर आलो आणि बोट अशी बसली जशी म्हशीनं डबक्यात बसकण मारावी. इंजिन जोरात केलं तर पंखा पाणी मागे ओढतो आणि बूड आणखी खाली जातं. वाळू फावड्यानं काढायची म्हटलं तर वीस टन काढावी लागेल, दोन म्हाताऱ्यांना चार दिवस. आपल्याकडे दोन आहेत.

मी बाझीलकडून पाणी मोजून घेतलं. एक मीटर चाळीस! एक मीटर साठ कुठून आणलंस तू? छातीवर हात ठेवलास, तो हात ठेवून मोजलंस की काय? कशानं मोजलंस ते मला खरं सांग.

मामंजींची बोट चाळीस वर्षांत एकदाही रुतली नव्हती. शेवटच्या खेपेला रुतवलीस.

आर्मांद

•

सतरावा दरवाजा
२९ ऑक्टोबर, दुपार

वहिनी,

शिव्या दिल्यास, पण 'तुम्ही' गेलं, तेवढं बरं वाटलं.

आता खरं सांगते. बाबांच्या काठीनं मोजलं. तीच, पाणी मोजायची, बाबांनी स्वतः खाचा पाडलेली. एक्कावन्न साली मी आंसेल्मशी लग्न करून बोटीवरून उतरले, तेव्हा बाबा माझ्याकडे पाठ करून उभे राहिले होते. जमिनीवरच्या माणसाशी लग्न केलं म्हणून निरोपसुद्धा दिला नाही. मला काहीतरी हवं होतं त्यांचं. काठी छपरावर पडली होती, ती उचलली आणि चालू लागले. तुम्ही ती किती शोधली, शेजारच्या बोटीवरच्या त्या बेल्जियन माणसावर आळ घेतलात, सगळं मला कळत होतं. तेवीस वर्षं कपाटामागे ठेवली आहे. तुला आकडा कळवताना लिहायची हिंमत झाली नाही.

पण काठी खरी आहे, वहिनी. बाबांची काठी खोटं बोलणार नाही. मी पाच ठिकाणी मोजलं. मला काहीच समजत नाही.

पेरोदँ साहेबांना तार करू का, की राहू दे म्हणून? सामान बांधायला घेते.

लेओनी

•

गाळातून
३० ऑक्टोबर, सकाळी आठ

वन्सं,

सामानाला हात लावायचा नाही.

पत्र वाचून मी एवढी हसले की बाझील धावत आला, त्याला वाटलं मला झटका आला. वन्सं, ती काठी वीतभर आखूड आहे!

एकोणपन्नास साली एका पुलाखाली ऑनोरेनं ती दगडात अडकवली आणि खालचं टोक मोडलं. मामंजींच्या भीतीनं त्यानं गुपचूप तासून लोखंडी टोपी परत बसवली. खाचा तशाच राहिल्या, लांबी वीतभर गेली. तेव्हापासून काठीनं साठ सांगितलं की आम्ही दोघं मनात चाळीस धरायचो आणि तोंडानं साठ म्हणायचो. काठी चोरीला गेली, तेव्हा आम्ही नवरा-बायको चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावून आलो. बेल्जियन माणसाला तर ऑनोरे मनातून दुवा देत होता.

आता माझंही खरं ऐक. सत्तावन्न साली मामंजी गेले, तेव्हा मीच उशाशी होते. म्हणाले, "काठी पोरीकडे आहे. मी तिला उचलताना पाहिलं. असू दे तिच्याकडे. तिच्याखाली पाणी किती आहे, ते तिला कळलं पाहिजे." त्यांनी पाठ केली होती ती डोळे पुसायला, लेओनी. हे मी तुला सतरा वर्षं सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर काठी आखूड आहे हेही सांगावं लागलं असतं, आणि ऑनोरेनं शपथ घातली होती. मग तो ससा मध्ये आला, मग मला सांगायचंच नव्हतं.

सप्टेंबरात तू 'मोजलं' असं लिहिलंस, तेव्हा माझ्या मनात आलं होतं, कशानं? पण विचारायचं म्हणजे सांगायचं. म्हणून नाही विचारलं. तू चोरलंस, मी झाकलं, आणि बोट बसली गाळात. चूक निम्मी निम्मी.

आता काम. बूड सुटायला दहा सेंटीमीटर पाणी पाहिजे. वर कारखान्याचा तलाव भरलेला आहे ना? ते पाणी खाली आण. इंजिन लावायचं नाही, त्यानं बूड खाली जातं. पूर्वी ओढायचो तशी ओढायची, छातीला पट्टे बांधून. चार माणसं मिळाली तर बघ. माझ्याकडे दोन पट्टे आहेत, एक मामंजींचा आहे.

आर्मांद

•

सतरावा दरवाजा
३० ऑक्टोबर, संध्याकाळी पाच

वहिनी,

फेर्नां गाडी चालू ठेवून उभा आहे, म्हणून थोडक्यात.

बाबांचं वाचलं. त्याबद्दल आता लिहीत नाही, आधी झडपा.

कचेरीच्या हुकमाशिवाय तलावाचं पाणी सोडलं तर नोकरी जाते. नोकरी परवा जाणारच होती. मग ती पाण्यापायी गेलेली बरी. सतराव्याच्या आणि सोळाव्याच्या झडपा आत्ता उघडते आहे. उद्या सकाळी आठला तुझ्या बोटीखाली पाणी असेल.

माणसं घेऊन येते.

लेओनी

•

सतरावा दरवाजा
८ नोव्हेंबर

वहिनी,

तू तीन दिवस माझ्याकडे राहिलीस, आणि आपण बोललो काय, तर मीठ, कोबी आणि बाझीलची ढेकर. तोंडानं आपल्याला जमत नाही. पत्रात जमतं. तू सुकाणूवर होतीस, तुझ्या पुढे अडतीस मीटर बोट आणि त्याच्या पुढे साठ मीटर दोर. पुढच्या टोकाला काय झालं ते तुला दिसलेलंच नाही.

मी चार माणसं शोधायला निघाले होते. सकाळी सातला घरं रिकामी. मग आठवलं, उद्या सर्व संतांचा सण, सगळ्या बाया कबरी घासायला गेल्या असणार. सायकल तशीच कबरस्तानात घातली. तिथे बादल्या, ब्रश, शेवंतीच्या कुंड्या आणि निम्मं गाव. मी आंसेल्मच्या कबरीवर चढले, तो काही म्हणणार नाही म्हणून, आणि ओरडले, "बायांनो, मेलेले उद्यापर्यंत थांबतील. माझी वहिनी गाळात आहे!"

मग बेकरीवाली क्लोतील्द ब्रश टाकून म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर मला थांबवलं, थांबू दे आता त्याला." आणि निघाली. मग सतरा बाया निघाल्या, दोन म्हातारे निघाले, आणि फादर झगा कमरेला खोचून सर्वांत पुढे.

छातीपट्टे दोनच होते. बाकीच्यांनी ओढण्या, पट्टे आणि घोड्याचे जुने साज गुंडाळले. मी बाबांचा पट्टा घेतला. चाळीस वर्षांपूर्वी बारा-पंधरा वर्षांची असताना मी हाच बांधून आईच्या मागून ओढायची. तो मला आता घट्ट होतो.

पहिली दहा मिनिटं काहीच झालं नाही. आम्ही पुढे झुकलो, दोर ताठ झाला आणि बोट जागची हलेना. कुणीतरी मागून म्हणालं, "लेओनी, हे काम बैलांचं आहे." मी म्हटलं, "उभ्या राहा, धक्के देऊ नका, नुसत्या रेला. पाणी येतंय." हे आईचं वाक्य. जोर लावायचा नसतो, वजन टाकून वाट बघायची असते. आणि मग वहिनी, छातीवरचा पट्टा किंचित सैल झाला. एवढासा. मला मागे वळून बघावं लागलं नाही. मी रडायला लागले आणि चालायला लागले.

पेरोदँ साहेब दोनला सोळाव्यापाशी भेटले. पाण्याकडे बघितलं, मग आमच्याकडे. "पाणी कुणाच्या हुकमानं सोडलं?" मी तोंड उघडायच्या आत क्लोतील्द म्हणाली, "माझ्या." तिच्या मागची म्हणाली, "माझ्या." शेवटी फादर म्हणाले, "माझ्या वरच्यांच्या." साहेबांनी वही काढली, उघडली, पानं उलटली आणि मिटली. म्हणाले, "यात पाण्यासाठी रकाना नाही." मग सोळावा दरवाजा ढकलायला फेर्नांच्या शेजारी त्यांनी स्वतः पाठ लावली. कोट फाटला आहे त्यांचा, मी शिवून पाठवते आहे.

आता तू सांग, मागून काय दिसलं?

लेओनी

•

बोट 'तेनास', ब्रियार
१४ नोव्हेंबर

लेओनी,

मागून काय दिसलं?

पहिल्यांदा बाझील दिसला. बायांचे हात मोकळे व्हावेत म्हणून सगळ्यांनी शेवंतीच्या कुंड्या बोटीच्या नाकावर ठेवल्या, त्याच्या खुर्चीच्या भोवती. तो मधोमध, पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीत. ओरडायला लागला, "अगं बायांनो, मी मेलो नाहीये अजून!" तेव्हा त्या अख्ख्या काठावरून जे हसू उठलं, तेच मी पहिलं ऐकलं. मग बूड सुटलं. सुकाणू हातात हलकं झालं.

तीस वर्षं मी ही बोट इंजिनच्या धडधडीत चालवली. त्या दिवशी इतक्या वर्षांनी ती निःशब्द चालली. पाण्याचा आवाज, पानांवरून तुमच्या पावलांचा आवाज, आणि फादरची शीळ. इतकी हळू चाललो होतो की काठावरचा बगळा उडाला नाही, नुसता मान वळवून बघत राहिला. कुत्रा उतरून तुमच्याबरोबर चालत गेला, तो बोटीवर परत आलाच नाही.

सोळाव्याच्या वर ऊन उतरायला लागलं. माझ्या घड्याळात पाच वाजले आणि पांढरा खांब दिसत नव्हता. मला वाटलं, संपलं. दोर पाण्यात झोळ खायला लागला होता, म्हणजे तुम्ही दमलात. मी ओरडणार होते की थांबा, सोडा, तुमचा जीव जाईल. तेवढ्यात बोट वळणावरच्या शेवटच्या चिनाराच्या पुढे आली.

लेओनी, तुझं दार उघडं होतं.

तू पहाटे निघताना उघडून ठेवून गेली होतीस. बोट चढवायचा हौद खालपर्यंत रिकामा, खालची दोन्ही कवाडं भिंतीला टेकलेली, आणि मध्ये सरळ वाट. कुणीही येणार याची खात्री नसताना. अकरा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर तेच दार बंद होतं. मी ऑनोरेला म्हटलं, मोठ्यानं म्हटलं, "बघ रे, उघडं आहे!" आणि मी बोटीचं शिंग वाजवलं. त्यानं त्रेसष्ट साली वाजवलं नाही ते. मी एवढा वेळ वाजवलं की दोर पुन्हा ताठ झाला. तुम्ही सगळ्या धावत होतात की काय?

खांबापाशी पेरोदँ साहेब गुडघ्यावर बसले होते, घड्याळ हातात. शेवंतीची पहिली कुंडी खांबाच्या पार गेली तेव्हा ते उठले आणि कबरस्तानापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, "पाच वाजून सव्वीस मिनिटं! नाक पार!" तो माणूस एवढा ओरडू शकतो असं त्याच्या आईलासुद्धा ठाऊक नसेल.

मग मी उतरले आणि तुझ्या घराच्या दाराशी आले. दार उघडंच होतं, तरी मी कडी वाजवली. तू आतून 'कोण' म्हणालीस, ठार मूर्ख बाई.

बोट मोडीत काढायच्या कागदावरची माझी सही मी काल सँ-मामेसला फोन करून मागे घेतली. तिथला बाबू म्हणाला, "पण बाई, तुम्ही तर म्हणाला होतात हात वर होत नाहीत." मी म्हटलं, "आता होतात."

काचकारखान्यानं मार्चमध्ये दुसरी खेप सांगितली आहे. कचेरी काय म्हणते?

आर्मांद

•

सतरावा दरवाजा
२ डिसेंबर

वहिनी,

कचेरीचं पत्र आज आलं. पेरोदँ साहेब स्वतः घेऊन आले, शिवलेला कोट घालून. फाटा चालू राहणार, पुढची तीन वर्षं, आणि दर भरलेल्या बोटीमागे पुन्हा नव्यानं तीन. घरही राहिलं. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी परवानगी विचारली नाही, सरळ बसले. पाणी सोडल्याबद्दल मला ताकीद आहे, एका ओळीची. ती चौकटीत लावणार आहे.

बाबांची काठी लोहाराकडे नेली आणि खाली वीतभर लोखंड जोडून घेतलं. आता त्यांच्या खाचा पुन्हा खरं बोलतात. काल पाचही ठिकाणी मोजलं. कमीत कमी एक मीटर चाळीस, त्याच्या आत कुठेही नाही. मार्चमध्ये एक मीटर तीसच भर. मासा आडवा जाऊ दे.

तुझा कुत्रा माझ्या पलंगावर झोपतो. त्याला न्यायला तरी ये. ताटं चार मांडीन. तू, मी, बाझील आणि चौथं असंच, ज्यांना मागच्या वेळी बसता आलं नाही त्यांच्यासाठी.

दार सकाळपासून उघडं असेल. तरीपण तू वाजव.

लेओनी